पाचव्या ठोक्याची जागा

तीर्थरूप दादाच्या पायांशी धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन गुडघे कामातून गेले आहेत. एकदा खाली टेकले की वर यायला तयार नसतात. तेव्हा उरलेल्या सहा अंगांचा नमस्कार धरून चाल.)

इकडे सगळं ठीक आहे. तुझे मेहुणे ठीक आहेत, म्हणजे झोपलेले आहेत. नवी गादी शिवून झाली की तिच्यावर आडवं होऊन ती तपासायची हे आपलं काम, असं त्यांनी लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात ठरवून टाकलं. आज सव्वीस वर्षं झाली, एकाही गादीत त्यांना खोट सापडलेली नाही. तुझी तब्येत कशी आहे? वहिनीची पाठ कशी आहे? तुझा खोकला कसा आहे? (वहिनीने सांगितलं असं अजिबात समजू नकोस. ती बिचारी फोनवर फक्त हवापाण्याचं बोलते. पण ती हवापाण्याचं बोलत असताना मागे कोण खोकतं ते मला ऐकू येतं. गुडघे गेलेत, कान नाही गेले.) तू म्हणतोस हवा बदलली. (तेही वहिनीच्या मागूनच ऐकू येतं.) चार महिने झाले दादा, एवढ्यात चार वेळा बदलून ती परत पहिल्यासारखी झाली असेल.

पत्र अशासाठी की माझा फोन तू उचलत नाहीस. टपालवाल्याने हातात दिलेलं पाकीट मात्र परत करायची तुला लाज वाटेल, एवढं मी तुला ओळखते. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून इतकं लांब काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. आणि शेवटपर्यंत वाच. मधेच चिडून फाडलंस तर शेवटची गोष्ट राहून जाईल, आणि पत्र तिच्यासाठीच आहे.

तर पहिली गोष्ट. तुझं पिंजण मी खिळ्यावरून काढलं.

झालं सांगून. आता पाणी पी आणि पुढे वाच.

अकरा वर्षांपूर्वी बाबा गेले आणि महिन्याभरात मी कापूस पिंजायचं यंत्र आणलं. तेव्हा तू दुकानाच्या उंबऱ्यात उभा राहून म्हणालास, "बाबांच्या जागेवर यंत्र बसवलंस, आता इथे माझं काय काम?" आणि निघताना भिंतीवरच्या बाबांच्या मोठ्या पिंजणाकडे, त्या धनुष्याएवढ्या कमानीकडे, बोट करून म्हणालास, "ते माझं आहे. मी येऊन नेईन. तोवर कुणी हात लावायचा नाही." तू गोदामातली नोकरी धरलीस आणि आला नाहीस. मी हात लावला नाही. अकरा वर्षं मी ते पुसलं ते काठीला फडकं बांधून. (तुझे मेहुणे हसायचे. म्हटलं हसा, पण उद्या दादाने विचारलं तर हात लावला नाही असं डोळ्याला डोळा भिडवून सांगता आलं पाहिजे.) आता सांगता येणार नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

यंत्राची मोटर जळली. दुरुस्तीवाला आला, त्याने झाकण उघडलं, आत बघून च्‌ च्‌ केलं आणि मोटर घेऊन गेला ती आठ दिवसांसाठी. इकडे दवाखान्याच्या बारा गाद्या द्यायच्या होत्या. तो कोपऱ्यावरचा छातीचा दवाखाना. तिथल्या डॉक्टरीणबाई स्वभावाने माझ्यासारख्याच आहेत, म्हणजे गोड नाहीत. त्या म्हणाल्या, "माझी माणसं जुन्या गाद्यांवर धूळ खात झोपलीयत. मला मंगळवारी गाद्या पाहिजेत, कारणं नकोत." आता सांग, मी काय करायचं होतं? बोटांनी पिंजायचा होता कापूस? मी स्टुलावर चढले (गुडघ्यांसकट), पिंजण काढलं, बाबांच्या कडीला टांगलं, खाली कापूस पसरला, लाकडी मोगरी उचलली आणि पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर हाणली.

दादा, बाबांनी मला पिंजणाला कधी हात लावू दिला नाही. मुलीने शिवायचं, मुलाने पिंजायचं. तू लहान पिंजण खांद्यावर टाकून दारोदार जायचास, बाबा दुकानात मोठ्या पिंजणाशी बसायचे आणि मी त्यांच्याकडे पाठ करून खोळी शिवायची. सुई आणि ठोका एका वेळी चालायचे. म्हणजे मी पिंजण शिकले ते पाठीने. पहिला ठोका चुकला, दुसरा मोगरीसकट माझ्या घोट्यावर बसला, आणि तिसऱ्यापासून हात आपोआप चालायला लागला. टण्‌ टण्‌ टण्‌ टण्‌, मग एक रिकामी जागा, मग परत चार. बाबांचा ठोका. तासाभरात कापूस असा फुलला की मला यंत्राची लाज वाटली. (यंत्राने फुलतो पण असा नाही. हे मी तुझ्यापुढे कबूल करतेय. परत परत म्हणायला लावू नकोस.)

आता वरच्या मजल्याचं सांगते. आधी वर शिकवणीचा वर्ग होता. घरमालकाने तो काढून ती खोली वाजवणाऱ्यांना दिली. सात जण आहेत आणि सातही जण सात मुलखांचे. प्रत्येकाच्या हातात त्याच्या गावचं जुनं वाद्य. त्यांना एकमेकांचं संगीत एकत्र करून वाजवायचं आहे. गाणारं कुणी नाही. गायचं कुठल्या भाषेत याच्यावरच भांडण होईल, म्हणून नुसतं वाजवतात. आपली बोली प्रत्येकाला येते ती दुकानात जाऊन साबण आणण्यापुरती. त्यांची पुढारी एक सारंगीसारखं काहीतरी हनुवटीखाली धरून वाजवणारी बाई आहे, तिला मी मास्तरीण म्हणते. एकाकडे कातड्याची पखाल आहे, तिला नळ्या लावलेल्या. ती तो काखेत दाबतो आणि फुंकतो, तो पखालवाला. एक ढोल्या आहे, त्याचा ढोल त्याच्यापेक्षा मोठा आहे. उरलेले चार तारा छेडतात, बासऱ्या फुंकतात, त्यांची नावं ठेवायला मला वेळ झालेला नाही.

वाजवतात चांगले. एकेकटे. सगळे मिळून वाजवायला लागले की बादल्या जिन्यावरून घरंगळल्यासारखं व्हायचं. कारण काय, तर सुरुवात कुठून करायची हेच ठरेना. मास्तरीण मान हलवून खूण करायची. ढोल्याच्या मुलखात खूण पायाने करतात, तो सगळ्यांच्या पायांकडे बघत बसायचा. पखालवाल्याकडे पखाल भरेपर्यंत सगळ्यांनी थांबायची रीत. बासरीवाला सभ्य माणूस, दुसऱ्यांनी सुरू केल्याशिवाय आपण फुंकायचं नाही असं त्याला घरून शिकवलेलं. मी गादी शिवताना खालून ऐकायचे. सहा महिने त्यांनी एकच तुकडा वाजवला आणि सहा महिने तो पहिल्या ओळीतच मेला. शिवाय त्यांनी पाय आपटला की आमच्या छताचा चुना कापसात पडायचा. दोनदा वर जाऊन मी बोलून आले. त्यांना शब्द कळले नसतील, पण अर्थ कळला असणार.

तर त्या दिवशी मी पिंजत होते आणि वरचा आवाज बंद झाला. म्हटलं गेले वाटतं, बरं झालं. मान वर केली तर जिन्यावर एकाखाली एक सात जण उभे. म्हटलं आले तक्रार घेऊन. मी मोगरी हातात ठेवूनच विचारलं, "काय आहे? धूळ वर येतेय? मग खिडकी लावून घ्या. तुमचा दंगा खाली येतो तेव्हा मी काय लावू?"

मास्तरीण म्हणाली, "बंद नको."

"काय बंद नको?"

तिने हवेत मोगरी मारल्यासारखं केलं. "हे. बंद नको."

मग जे भांडण झालं ते तू बघायला हवं होतंस. पखालवाला छातीवर हात ठेवून सांगायला लागला की हा ठोका त्याच्या डोंगरातला आहे, मेंढ्यांची लोकर कातरताना असाच धरतात. ढोल्याने त्याला बाजूला सारलं. म्हणे हा नदीवरचा, वल्ही मारायचा. मास्तरीण म्हणाली तिच्या आजीच्या मागावर हाच होता. प्रत्येकाने आपापला पाय आपटून दाखवला आणि गंमत अशी की सगळ्यांचे पाय एकाच वेळी पडत होते. सहा महिन्यांत पहिल्यांदा! पण त्यांच्या ते लक्षातच आलं नाही, कारण ते भांडत होते. शेवटी मी ओरडले, "हा माझ्या बापाचा ठोका आहे. त्याने ना मेंढी पाहिली ना होडी. गप्प बसा!" गप्प बसले. मला एवढ्या जणांनी एकदम ऐकण्याची सवय नाही. घरात एक आहे, तो झोपलेला असतो.

त्यानंतर ते रोज दुपारी वाद्यं घेऊन खाली दुकानातच यायला लागले. मी पिंजायचे, ते गाद्यांच्या ढिगावर बसून माझ्या ठोक्यावर वाजवायचे. आठ दिवसांत तो मेलेला तुकडा उठून चालायला लागला. बाराच्या बारा गाद्या मंगळवारी गेल्या. मोटर परत आली, मी ती कोपऱ्यात तशीच ठेवली. (यालाही कारण विचारू नकोस.)

फक्त एका जागी अडायचं. चार ठोक्यांनंतर जी जागा रिकामी असते, तिथे. मास्तरणीने पहिल्याच दिवशी विचारलं, इथे का थांबता? मला उत्तर तयार होतं. मी लहान असताना हेच बाबांना विचारलं होतं, आणि ते म्हणाले होते, "कापसाला बसू द्यावं लागतं गं." तेच मी तिला सांगितलं, अगदी तोऱ्यात, की हा आमच्या धंद्याचा नियम आहे, चार ठोके कापूस उडतो, पाचव्याला बसतो. ते सातही जण असे बघायला लागले की जणू मी कसलं तरी गुपित उघडं केलं. मास्तरणीने वहीत लिहून घेतलं. मग सात जण त्या जागी गप्प राहायची तालीम करायला लागले. गप्प राहायची तालीम, दादा! सगळ्यांना जमलं, पखालवाल्याला जमेना. त्याचा दोष नाही. पखालीत वारा उरतोच. हात सैल केला तरी ती पखालबाई आतून "घ्यां... खर्रर" करायची. बाकीचे त्याच्यावर डोळे वटारायचे. मी ती पखाल उसवून गादीच्या दोऱ्याने दुहेरी टाका घालून दिली. म्हटलं वारा जातोय कुठून बघू. टाका उत्तम बसला, पण वाऱ्याला काही फरक पडला नाही.

अशातच एका दुपारी कडूकाका आले. पलीकडच्या गल्लीतले म्हातारे पिंजारी रे, बाबांचे जन्माचे वैरी. तूच त्यांना हे नाव ठेवलं होतंस. अजून तसेच आहेत, फक्त दात गेलेत. बाईने पिंजण हातात घेतलंय हे ऐकून खास नावं ठेवायला आले होते. उंबऱ्यात बसले. आम्ही वाजवलं. चार ठोके पडले, सगळे थांबले, आणि पखाल म्हणाली, घ्यां... खर्रर. मी दात आवळले. आणि कडूकाका मांडीवर थाप मारून म्हणाले, "अगदी तुझा बाप!"

मी म्हटलं, "काय बाप?"

"तिथंच खोकायचा. चार ठोके आणि खोकला. चार ठोके आणि खोकला. गल्लीच्या टोकाला कळायचं कुणाचं दुकान ते."

"खोकायला नाही, कापूस बसायला थांबायचे ते."

"कापूस बसायला?" म्हातारा असा हसला की मला वाटलं आता हाच खोकतो. "अगं कापूस काय पाहुणा आहे, बसायला? पिंजणारा थांबला की कापूस तातीला गुंडाळतो. कुणी थांबत नाही. चाळीस वर्षं पिंजलंय मी. तुझा बाप माझ्यापेक्षा चांगला पिंजायचा, खोकला लागेपर्यंत. तू झालीस त्याच्या आदल्या साली लागला त्याला. तुला कुठून ठाऊक असणार?"

(बाबा त्याच्यापेक्षा चांगले पिंजायचे. हे एक वाक्य बाबा असताना या माणसाच्या तोंडून निघालं असतं तर बाबा आणखी दोन वर्षं जगले असते.)

मी विचारलं, "मग खोकल्याच्या आधी तिथे काय होतं?"

म्हणाले, "मी काय त्याच्या दारात कान लावून बसायचो? मी माझं पिंजत होतो."

आणि गेले. दादा, त्या दुपारी मी मोगरी खाली ठेवली ती परत उचललीच नाही. मला आठवतंय तेव्हापासून बाबा खोकायचे. तो आवाज मला कधी वेगळा ऐकूच आला नाही. भिंतीवरचं घड्याळ कसं काही दिवसांनी ऐकू येत नाही, तसा तो खोकला माझ्यासाठी ठोक्यातच जमा होता. आणि हात शिकला तेव्हा त्याने खोकल्याची जागासुद्धा शिकून घेतली. अकरा वर्षं ते पिंजण भिंतीवर होतं, बाबा नव्हते, आणि मी पहिल्यांदा मोगरी उचलली तेव्हा माझा हात चार ठोक्यांनंतर थांबला. बाबांच्या खोकल्यासाठी थांबला. आणि मी त्याला धंद्याचा नियम म्हणत होते. कापसाला बसू द्यावं लागतं! दहा वर्षांच्या पोरीने विचारलं, बापाने सांगितलं, पोरीने मानलं. तू म्हणतोस हवा बदलली. आपल्या घरातल्या पुरुषांना खोकल्याचं खोटं फार छान बोलता येतं.

वाजवणाऱ्यांना मी दुसऱ्या दिवशी खरं सांगून टाकलं. लपवून ठेवणं मला जमत नाही, पोटात दुखतं. म्हटलं, तुम्ही ज्या जागेची तालीम करताय ना, ती जागाबिगा काही नाही, तो माझ्या बापाचा खोकला आहे, पाहिजे तर काढून टाका.  मास्तरणीने वही उघडली, बघितली, मिटली. मग पखालवाल्याने पखाल मांडीवर घेतली, आजारी जनावराचं पोट चोळावं तशी चोळली आणि मला म्हणाला, "माझं चूक... ठेवू?"

मी म्हटलं, "ठेव. पण जोरात नको. बाबा आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरायचे."

ज्याच्यासाठी ते सहा महिने झटत होते तो त्यांचा कार्यक्रम गेल्या शनिवारी संध्याकाळी झाला, मोठ्या सभागृहात, आणि ठोका धरायला त्यांनी मलाही नेलं. पिंजण टांगायला तिथे कडी नाही. सभागृहाचा व्यवस्थापक म्हणाला, छताला भोक पाडाल तर खबरदार. शेवटी दिव्यांची शिडी होती तिच्यावरच टांगलं आणि ढोल्याच्या भावाला शिडीवर बसवला, हलू नकोस म्हणून. आणि कापूस नेला. नुसती तात वाजवली तर ती किंचाळते, तिच्याखाली कापूस पाहिजेच. त्यांना वाटलं शोभेसाठी मूठभर नेईन. मी चार किलो नेला. पहिल्या रांगेत मोठे लोक बसणार असं कळलं म्हणून खोळींच्या उरलेल्या कापडाची फडकी कापून नेली होती, नाकाला बांधायला. एकेकाला हातात दिली. एकाने ते मानाचं काहीतरी समजून गळ्यात घातलं. मी म्हटलं, नाकाला बांधा, नाकाला. मी माझ्या नाकालाही बांधलं. बाबांना कुणी बांधायला दिलं नव्हतं. आपल्याला तेवढं सुचलं नाही.

पाचव्या मिनिटाला पहिली रांग पांढरी झाली. व्यवस्थापकाच्या काळ्या कोटाची तर मेंढी झाली. पण वाजत होतं, दादा. वल्ही होती, कातर होती, आजीचा माग होता, आणि खाली बाबांचा ठोका. चार ठोक्यांनंतर सगळे थांबले आणि पखाल हळूच खोकली. लोक हसले. त्यांना वाटलं चुकलं. दुसऱ्यांदा हसले. तिसऱ्यांदा थोडे हसले. पाचव्या-सहाव्या वेळेला कुणी हसेना. सगळं सभागृह त्या जागी श्वास धरायला लागलं.

आणि तुझे मेहुणे पहिल्या रांगेत, फडकं तोंडावर ओढून झोपलेले. (खुर्चीसुद्धा तपासायला नको का.) बाबांच्या शेवटच्या वर्षांत, तुला माहीत नाही, तू दारोदार जायचास, पण दुकानात बाबा जास्त खोकायला लागले की पाण्याचा पेला द्यायचं काम यांचं होतं. तर त्या शांततेत पखाल खोकली आणि हे झोपेतून ताडकन उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "आलो मामा, पाणी आणतो." आणि निघाले, कापूस तुडवत, दरवाजाकडे. लोक इतके हसले की छप्पर उडालं. हे मधल्या वाटेत थांबले. आपण कुठे आहोत ते त्यांना कळलं. मग ते परत आले नाहीत, तिथेच उभे राहिले, भिंतीकडे तोंड करून. मला त्यांची पाठ दिसत होती. पाठीवरून मला सगळं कळतं, मी पाठीनेच शिकलेय.

मग मी काय हाणलं ते मला माहीत नाही. तिसऱ्या ठोक्याला तात तुटली. तुझी तात, बाबांनी ताणलेली. शिडीवरचा माणूस घाबरून ओरडला. म्हटलं संपलं. पण त्या सात जणांनी वाजवणं सोडलं नाही. ठोका नव्हता, तरी त्यांचे पाय एकाच वेळी पडत होते. आणि चार झाले की सगळे थांबत होते. कुणी खूण करत नव्हतं. शेवटपर्यंत तसंच वाजवलं. मी मोगरी मांडीवर घेऊन कापसात बसले होते.

तर हे असं झालं. रागव. मात्र रागवायचं तर इथे येऊन रागव, पत्रातून रागवलेलं मला नीट कळत नाही. वहिनीला नमस्कार. घरातल्या मोठ्यांना नमस्कार सांग (मोठा तूच आहेस, तेव्हा आरशात सांग).

तुझी धाकटी बहीण

ता. क. : पिंजण परत खिळ्यावर लावलंय, पण तुटक्या तातीचं ते बघवत नाही. बाबांची ती गाठ फक्त तुला येते. एक दिवस रजा काढून ये आणि बांधून जा. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, गाठ मारायला तोंड लागत नाही.

आणखी एक ता. क. : वरचं खोटं आहे. तात मी रविवारीच बांधली. पाठ करून शिवायला बसायचे तेव्हा समोर काचेचं कपाट होतं, त्या काचेत बाबांचे हात दिसायचे. गाठ मला सहाव्या वर्षापासून येते. (घरातल्या पुरुषांना म्हटलं, पण खोटं मलाही जमतं.) मला येत नाही ते वेगळंच आहे. तू माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. मी झाले तोवर बाबा खोकायला लागले होते, पण तू त्याच्या आधीचे बाबा ऐकलेत. त्या पाचव्या जागी ते काय वाजवायचे? साधा ठोका की दुसरं काही? ते आता जगात एकट्या तुला माहीत आहे. मास्तरीण विचारतेय, पण तिला सोड, मला ऐकायचंय. लिहून कळवू नकोस, लिहून ठोका कळत नाही. ये आणि तुझ्या हाताने वाजवून दाखव. पिंजण तुझंच आहे.

शेवटचं : डॉक्टरीणबाईंना मी सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, घेऊन या, कारणं नकोत. तू मोगरी उचलशील तेव्हा मी नेहमीसारखी पाठ करून शिवायला बसेन, काही विचारणार नाही, हवापाण्याचं तर नाहीच नाही. नुसती मोजेन. चार ठोक्यांनंतर पाचवा आला तर आपण जेवायला बसू. नाही आला, तर मी सुई ठेवेन, चपला घालेन आणि तुला दंडाला धरून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेईन. तिथली गादी माझ्या हातची आहे.